घाम न येणाऱ्या पाठीची नोंद

अर्जदार : श्रीमती ग्वेनिथ ट्रेलोर
धान्यकोठारांच्या रस्त्यालगत, मरबिलिन,
पश्चिम ऑस्ट्रेलिया.

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२३

प्रति,
मा. विभागीय अधीक्षक,
ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन दल,
पूर्व गहूपट्टा विभाग.

विषय : माझे पती श्री. क्लेम ट्रेलोर यांचे नाव 'पूर्णतः सक्षम' या वर्गातून काढून 'वैद्यकीय कारणास्तव तात्पुरते मुक्त' या वर्गात घेणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे यापूर्वीचे अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची त्यांवरील उत्तरे, ज्यांत विषय दर वेळी निराळा समजला गेला आहे.

महोदय,

सविनय सादर करते की, मी वरील पत्त्यावर राहणारी, शाळेच्या बसवरून निवृत्त झालेली चालक असून मरबिलिन दलाचे कप्तान श्री. क्लेम ट्रेलोर हे माझे पती आहेत. माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आले ते निवृत्तिवेतन शाखेचे. मी निवृत्तिवेतन मागितले नव्हते. त्यानंतर, त्वचाविकाराची तक्रार आरोग्य खात्याकडे करावी, असे कळविण्यात आले. सर्वांत अलीकडच्या उत्तरात माझ्या पतींच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त केले होते. ते पाकीट त्यांनी स्वतःच फोडले, वाचले आणि "चला, यांच्या लेखी तरी मी सुटलो," असे म्हणून ते चहाला बसले. म्हणून या वेळी सगळी हकीकत पहिल्यापासून मांडत आहे. लांबण लागेल, त्याबद्दल क्षमस्व. तसेच यापुढे त्यांचा उल्लेख मी नुसता 'क्लेम' असा करीन. 'श्री.' लावून लिहिताना मी परक्या कुणाबद्दल लिहिते आहे असे वाटत राहते.

चार सुगींमागे विल्फ पेंगेली या आमच्या शेजाऱ्याच्या शेतात कापणीयंत्राचे बेअरिंग तापून गव्हाच्या धसकटांना आग लागली. क्लेम बंब घेऊन गेला. आग आटोक्यात येत असताना वारा फिरला. कोपऱ्यातल्या कुरणात विल्फची मेंढरे अडकली होती आणि फाटक तारेने बांधलेले होते. क्लेम बंबावरून उतरून तार सोडायला गेला. मेंढरे बाहेर पडली. क्लेम मात्र फाटकापाशीच होता, आणि आग त्याच्या अंगावरून गेली. चेहरा त्याने जमिनीत खुपसला म्हणून वाचला. पाठ, दोन्ही खांदे, दंड आणि मांड्यांची मागची बाजू जळाली. उडत्या डॉक्टरांच्या, म्हणजे दूरच्या गावांसाठीच्या वैद्यकीय सेवेच्या, विमानाने त्याला पर्थला नेले. विमानात तो सारखा मेंढरांबद्दल विचारत होता, असे सोबतच्या परिचारिकेने मला नंतर सांगितले.

रुग्णालयात सांगण्यात आले की, जळालेल्या जागेवर लावायला अंगावर पुरेशी चांगली कातडी शिल्लक नाही. त्या वेळी डॉ. ओयांग या बाई भेटल्या. दक्षिण सागर ऊतिपुनर्निर्माण संस्थेत त्या माणसाची स्वतःची कातडी प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम करतात. त्यांनी क्लेमच्या जांघेतून टपाल तिकिटाएवढा तुकडा काढून नेला. त्यातल्या पेशी त्यांनी वेगळ्या केल्या, खाऊपिऊ घालून वाढवल्या, आणि काही आठवड्यांनी त्यांचे पापुद्रे घेऊन आल्या. तापलेल्या दुधावर साय धरते तसे ते दिसत होते आणि तितकेच नाजूक होते. मला हात लावायची परवानगी नव्हती, आणि असती तरी मी लावला नसता. ते पापुद्रे त्याच्या पाठीवर पसरले. काही गळून गेले, काही धरले, आणि जे गळाले ते पुन्हा वाढवून लावले. पुढच्या सुगीच्या आत पाठीची जखम बंद झाली. क्लेम आज जिवंत आहे तो या संशोधनामुळे. त्याविरुद्ध माझी तसूभरही तक्रार नाही, हे कृपया नमूद करून घ्यावे, कारण मागच्या वेळी माझा अर्ज संस्थेविरुद्धची तक्रार म्हणून नोंदला गेला होता.

परंतु त्या कातडीला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी कातडीच्या खोलवर असतात, त्या जळून गेल्या, आणि नव्या पापुद्र्यात त्या नसतातच. हे डॉ. ओयांग यांनी आम्हांला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. क्लेमने विचारले की, म्हणजे मी बरा झालो की नाही? त्या म्हणाल्या, "छप्पर घातलंय तुमच्यावर, मिस्टर ट्रेलोर. खिडक्या अजून बसवता आलेल्या नाहीत आम्हांला."

महोदय, आमच्याकडचा उन्हाळा आपण जाणता. आपले कार्यालय किनाऱ्यावर आहे, तरी जाणत असाल. सकाळची उन्हे वर आली की क्लेमला कुरणात थांबता येत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. छाती आणि पोट घामाने निथळते आणि पाठ मात्र कोरडी ठणठणीत, तापलेल्या पत्र्यासारखी. मग तो कपडे धुण्याच्या खोलीत फरशीवर पालथा पडतो आणि मी गुलाबांवर फवारायच्या पंपाने त्याच्या पाठीवर पाणी मारते. कुत्राही तिथेच येऊन पडतो. क्लेम म्हणतो, आम्हां दोघांनाही आता जीभ बाहेर काढूनच गार व्हायचं. हे तो पाहुण्यांना हसवण्यासाठी सांगतो. मला ते आता पाठ झाले आहे आणि हसू येत नाही.

अडचण सुरू झाली ती संस्थेच्या वार्षिक अंकापासून. त्यात क्लेमच्या पाठीचे रंगीत छायाचित्र छापले आणि खाली लिहिले, 'त्वचा संपूर्णपणे पूर्ववत.' डॉ. ओयांग यांचे हे शब्द नव्हेत. संस्थेच्या प्रसिद्धी विभागाने ते घातले. आपल्या कार्यालयाच्या सक्षमता शाखेने तो अंक क्लेमच्या कागदपत्रांना जोडला आणि त्याला 'पूर्णतः सक्षम' ठरवले. तेव्हापासून गावचा आगीचा भोंगा वाजला की क्लेम बूट घालतो.

आपण म्हणाल, स्वयंसेवक आहे, राजीनामा द्यावा. तसे आपल्या कार्यालयाने फोनवर सुचवलेही आहे. पण राजीनामा दिल्यास मरबिलिनचे संख्याबळ नियमातल्या किमान आकड्याच्या खाली जाते, आणि मग आमचा बंब काढून शेजारच्या गावाला देण्यात येईल, असे आपलेच परिपत्रक सांगते. तिथून इथवर बंब यायला लागणाऱ्या वेळात आमच्याकडे जळायचे ते जळून झालेले असते. 'वैद्यकीय कारणास्तव तात्पुरता मुक्त' झालेला माणूस मात्र संख्येत धरला जातो. म्हणून आम्ही तो वर्ग मागतो आहोत. दुसरा कोणताही फायदा त्यात नाही.

आता गेल्या फेब्रुवारीची हकीकत. कोठारांच्या पलीकडच्या राखीव झाडीत आग लागली. बंब शोना बिडल चालवत होती. शोना गावातला पेट्रोलपंप चालवते आणि दलात उपकप्तान आहे. क्लेम मागे पाइप धरून होता. घरी वायरलेस माझ्याकडे असतो. क्लेम नीट बोलत होता, नंतर शब्द लांबवू लागला, आणि मग "आईला दूध आत घ्यायला सांग," असे मला म्हणाला. त्याची आई जाऊन फार वर्षे झाली. मी शोनाला ओरडून सांगितले की त्याच्याकडे बघ. ती मागे गेली तेव्हा क्लेम पाइपवरच आडवा झाला होता, अंग भाजत होते आणि पाठीवर एक थेंब नव्हता. शोनाने त्याला चाकाच्या सावलीत ओढले आणि टाकीतले सगळे पाणी त्याच्यावर सोडले. टाकी रिकामी झाली. तेवढ्यात आगीने रस्ता ओलांडला आणि विल्फची गवताची वखार गेली.

दुसऱ्या दिवशी क्लेमला भेटायला विल्फ रुग्णालयात आला, बायकोने केलेला फळांचा केक घेऊन. क्लेम माफी मागू लागला तेव्हा विल्फ म्हणाला, "मेंढरं वाचवलीस तेव्हा मी बिल पाठवलं होतं का? गप पड." मग दोघेही पावसाबद्दल बोलत बसले.

आपल्या चौकशी शाखेने मात्र शोनाला लेखी विचारले की, मालमत्तेच्या संरक्षणासाठी असलेले पाणी तिने एका पूर्णतः सक्षम स्वयंसेवकावर का वापरले. तिने उत्तर लिहिले, "माणूस पेटला होता. फक्त ज्वाळा दिसत नव्हत्या." हे उत्तर असमाधानकारक ठरवून तिला 'पाण्याचा अनुचित वापर' या सदराखाली ताकीद देण्यात आली. ती ताकीद तिने पेट्रोलपंपावर, हवा भरायच्या यंत्राशेजारी चिकटवली आहे. येणारेजाणारे वाचतात. तिला त्याचे काही वाटत नाही असे ती म्हणते. पण त्या दिवसापासून ती आमच्याकडे जेवायला आलेली नाही, कारण क्लेम तिच्या नजरेला नजर देत नाही, आणि तिला ते सहन होत नाही.

रुग्णालयातून आल्यावर मी वैद्यकीय मंडळाकडे फेरतपासणी मागितली. मंडळाने जुलैत बोलावले. महोदय, जुलै, ऐन हिवाळ्यात. आम्ही पर्थला जायला निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दहिवर गोठले होते. एका गार खोलीत क्लेमला चौरंगावर चढउतर करायला लावले. त्याने ती केली आणि त्याला बरेच वाटले, कारण थंडीत तो उत्तमच असतो. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी पाठ पाहून कौतुक केले. त्यांच्यापुढच्या छापील कागदावर माणसाची आकृती होती आणि प्रत्येक भागासमोर दोनच चौकटी, 'जखम उघडी' आणि 'जखम बंद'. मी विचारले की घामाबद्दल कुठे लिहिता येईल. ते सज्जन होते, त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते. त्यांनी 'बंद'वर खूण केली.

हिवाळा सरता सरता डॉ. ओयांग स्वतः मरबिलिनला आल्या होत्या. आता त्यांना वाढवलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी रुजवता येऊ लागल्या आहेत, निदान येतील असे वाटते आहे. क्लेमच्या डाव्या खांद्यावर त्यांनी नाण्याएवढा एक तुकडा आधीच लावला होता. सप्टेंबरात त्या तो तपासायला आल्या. आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी त्याच्या खांद्यावर आयोडीन लावले, वर स्टार्चची पूड भुरभुरली आणि आम्ही चूल पेटवून खोली तापवली. घाम सुटला तर पुडीवर काळानिळा ठिपका उठतो. बराच वेळ काही झाले नाही. डॉ. ओयांग चष्मा पुसत होत्या. मग एक ठिपका आला. टाचणीच्या टोकाएवढा. त्याच्या बाजूला आणखी एक. क्लेमला स्वतःचा खांदा दिसत नव्हता, त्याने मला विचारले. मी म्हटले, आलाय. तो म्हणाला, "किती?" मी म्हटले, दोन थेंब. आणि माझा नवरा, जो विमानातही रडला नव्हता, टेबलावर डोके टेकून बसून राहिला. डॉ. ओयांग बाहेर जाऊन कोंबड्या बघत उभ्या राहिल्या.

पाठीवर मोठा तुकडा लावण्याची चाचणी जानेवारीत आहे. संस्थेच्या नीतिसमितीची एकच अट आहे की, रुग्ण वर्षभर आगीच्या कामावर जाणार नाही असे त्याच्या दलाचे पत्र हवे. नव्या ग्रंथी कोवळ्या असतात, फेब्रुवारीसारखा उष्माघात पुन्हा झाला तर सगळे मरेल, आणि कदाचित क्लेमही. अट वाजवी आहे. मी आपल्याकडे पत्र मागितले. आपल्या कार्यालयाने कळवले की, संस्थेच्याच अंकानुसार त्वचा पूर्ववत असल्याने मुक्त करण्याचे कारण दिसत नाही. मी संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला लिहिले की ते वाक्य दुरुस्त करावे. त्यांनी कळवले की मजकूर मंजूर झालेला आहे, मात्र श्री. ट्रेलोर सक्षम नाहीत असे अग्निशमन दलाने लिहून दिल्यास फेरविचार होईल. दोन्ही पत्रे मी स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्यावर बटाटे सोलले. महोदय, मला राग आला नव्हता. मी फार दमले आहे.

शेवटी आपल्या कार्यालयातील एका भल्या बाईंनी फोनवर खालच्या आवाजात सांगितले की, पत्नीच्या म्हणण्याला महत्त्व दिले जात नाही. संबंधित व्यक्तीने स्वतः असमर्थता लिहून दिली तर अधीक्षकांना आपल्या अधिकारात वर्ग बदलता येतो. मी ते क्लेमला सांगितले. त्याने नकार दिला. त्यावरून आमचे भांडण झाले, जसे आमच्यात फारसे होत नाही.

तो म्हणाला, "भोंगा वाजल्यावर घरात बसून राहणारा माणूस नवरा म्हणून चालेल तुला?"

मी म्हटले, "चालेल. जिवंत असला की मला कसाही चालेल."

तो म्हणाला, "मला नाही चालणार." मग तो मेंढवाड्याकडे निघून गेला, आणि मी हा अर्ज लिहायला घेतला, त्याच्या सहीशिवाय, याला काही अर्थ नाही हे माहीत असूनही.

इथवर लिहून झाले होते आणि काल दुपारी भोंगा वाजला. रेल्वेमार्गाच्या कडेला गवत पेटले होते. क्लेम धावत आला, बूट घातले, आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. दर वेळी बंब तिथे थांबतो आणि तो चढतो. शोना आली. तिने वेग कमी केला, त्याच्याकडे पाहिले, आणि न थांबता निघून गेली. गाडीवर माणसे नियमापेक्षा कमी होती. या नियमभंगाची माहिती मी स्वतःच देत आहे, म्हणजे आपणांस शोध घ्यावा लागणार नाही.

धुरळा बसेपर्यंत क्लेम तिथेच उभा होता. मला वाटले, आता तो मोटार काढून मागे जाईल. मी किल्ली लपवली नव्हती; लपवावी असे मनात आले होते. तो आत आला, माझ्या खुर्चीत बसला आणि वायरलेस हातात घेतला.  मग म्हणाला, "शोना, रुळाच्या बाजूनं जाऊ नकोस, मोरीपाशी जमीन पोकळ आहे. विल्फच्या बांधावरून आत घे. वारा अजून तुझ्या मागे आहे, पण फिरेल." तिकडून खरखर आली. मग शोना म्हणाली, "कळलं, कप्तान." वारा फिरला, तेव्हा बंब योग्य बाजूला होता. संध्याकाळपर्यंत आग विझली. शोना काळ्या तोंडाने आमच्याकडे आली आणि जेवून गेली. दोघे काय बोलले ते मी ऐकले नाही. मी मुद्दाम भांडी घासत होते.

तरी नम्र विनंती की, क्लेमचा वर्ग बदलावा आणि तसे पत्र नीतिसमितीस जानेवारीपूर्वी द्यावे. शोना बिडल हिची ताकीद रद्द करावी. ते पाणी योग्य जागी वापरले गेले. मंडळाच्या छापील कागदावर तिसरी चौकट घालता आली तर पुढे कुणाला तरी उपयोग होईल. डॉ. ओयांग म्हणतात की अशा पाठींचे लोक बरेच आहेत आणि आता अधिकाधिक वाचणार आहेत. वाचलेल्यांना कुठे लिहायचे, एवढेच ठरवायचे आहे.

याहून अधिक लिहिण्याचे त्राण नाही. उत्तर याच विषयावर यावे, एवढी अपेक्षा ठेवून थांबते.

आपली नम्र,
(सही)
ग्वेनिथ ट्रेलोर

सोबत :
१. डॉ. ओयांग यांचे प्रमाणपत्र.
२. खांद्याचे छायाचित्र. ठिपके बारीक असल्याने भिंग वापरावे.
३. संबंधित व्यक्तीचे स्वतःचे निवेदन, खालीलप्रमाणे :

मी, क्लेम ट्रेलोर, कप्तान, मरबिलिन दल, लिहून देतो की वरचा मजकूर माझ्या बायकोने मला वाचून दाखवला व तो खरा आहे. भोंगा वाजला की मी यापुढे वायरलेसवर बसेन. मी पूर्ण बरा झालेलो नाही.

(सही)
क्लेम ट्रेलोर